भावोजींचा उजवा पाय

आमच्या भावोजींबद्दल सांगायचं तर सुरुवात ताईच्या जेवणाच्या टेबलापासून करावी लागेल. त्या टेबलाचा एक पाय आधीपासूनच डुगडुगता, आणि त्याच्या शेजारी भावोजींचा उजवा पाय, तो त्याहून बेभरवशाचा. गप्पा रंगात आल्या की मध्येच खाली धप्पकन आवाज व्हायचा, टेबल हलायचं, कपातला चहा बशीत यायचा आणि ताई डोळे वटारायची. भावोजींनी ब्रेक दाबलेला असायचा. ताई एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगताना "आणि तो पोरगा एकदम रस्त्यात धावत येतो" एवढं म्हणाली की संपलं, पाय गेलाच जमिनीवर.

अशा वेळी बाबा, म्हणजे माझे आणि ताईचे वडील, आपला कप अलगद वर उचलून धरायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "लागला का?"

"लागला, बाबा," भावोजी ओशाळून म्हणायचे.

हा पाय असा झाला त्याला त्यांचा धंदा कारण. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. भावोजी निम्मं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून बसले. शेजारी रोज नवा माणूस, रोज नवी भीती. कुणी सिग्नलला डोळे मिटायचं, कुणी गोंधळून ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबायचं. त्या सगळ्यांच्या आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या मध्ये भावोजींचा उजवा पाय असायचा. गावात त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. मलाही त्यांनीच शिकवलं. मी क्लच आणि तोंड दोन्ही एकदमच सोडते अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अजूनही कायम आहे.

मग स्कूलच्या मालकांनी गाड्या विकल्या, गाशा गुंडाळला आणि भावोजी घरी बसले. घरी बसलेला हा माणूस म्हणजे ताईच्या डोक्याला ताप. डबे सरळ लाव, नळ घट्ट कर, उगाच खाली जाऊन लोकांच्या गाड्यांच्या टायरमधली हवा बघ. त्यामुळे मोटारींच्या एका शोरूममध्ये नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत मोठा सुस्कारा ताईने सोडला.

काम ऐकायला मजेशीर होतं. नव्या गाड्यांना म्हणे आपोआप लागणारा ब्रेक आलेला. पुढच्या काचेवर वरच्या बाजूला कॅमेरा असतो, तो समोरचा माणूस ओळखतो आणि चालवणाऱ्याने काही केलं नाही तरी गाडी स्वतःच थांबते. गिऱ्हाइकांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून त्यांना गाडीत बसवून ते करून दाखवायचं. शोरूमच्या मागच्या आवारात स्पंजचा एक माणूस होता. करडा शर्ट, काळी पँट, ताठ मान. चाकांच्या फळीवर त्याला उभा करत आणि वॉचमन भिंतीआडून दोरी ओढून त्याला रस्ता ओलांडायला लावत. शोरूममध्ये त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. भावोजींनी गाडी सरळ पाहुण्यावर घालायची आणि काहीही करायचं नाही. गाडी पाहुण्याच्या पुढ्यात गचकन थांबायची, गिऱ्हाईक आधी किंचाळायचं, मग हसायचं, मग आत जाऊन सही करायचं.

काहीही करायचं नाही, एवढंच भावोजींना जमेना. पाहुणा भिंतीआडून निघाला रे निघाला की यांचा पाय ब्रेकवर. गाडीला तिची करामत दाखवायची संधीच मिळायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, ब्रेक तर तुम्हीच दाबलात. शेवटी मॅनेजरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"मास्तर, आपल्याला तुमचा ब्रेक विकायचा नाहीये. गाडीचा विकायचाय."

भावोजींनी मनावर घेतलं. हा माणूस कुठलीही गोष्ट मनावरच घेतो. त्यांनी ताईकडून जुन्या पँटचा एक पट्टा मागून घेतला आणि आवारातल्या फेऱ्यांच्या वेळी उजवा घोटा त्या पट्ट्याने सीटखालच्या दांडीला अडकवायला सुरुवात केली. पाय पुढे जायला बघायचा आणि पट्टा त्याला मागे ओढायचा. आम्हाला हे कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. बाबा म्हणाले, "जावईबापूंनी पाय दावणीला बांधला की हो!"

हळूहळू पट्ट्याची गरज उरली नाही. पाहुणा दिसला की पाय आपला आपणच मागे सरकायचा आणि टाच सीटला टेकवून गप्प बसायचा. मॅनेजर खूश. गिऱ्हाइकं खूश. ताई तर सगळ्यांत खूश, कारण टेबल हलायचं बंद झालं. आम्ही भरलेले कप बिनधास्त काठाशी ठेवू लागलो.

बाबांनाच ते खटकलं. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "जावईबापू, हल्ली लागत नाही वाटतं?"

भावोजींनी टेबलाखाली वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय चुकून आपल्या पँटीत आलाय की काय, अशा नजरेने. आणि त्या दिवसापासून त्यांचा पाय शांत आणि बाकीचा माणूस अस्वस्थ, असा उलटा प्रकार सुरू झाला.

जेवता जेवता उठायचे, खिडकीशी जाऊन रस्ता बघायचे, परत येऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, काही नाही. मग एक दिवस बोलले. एका संध्याकाळी समोरच्या गोदामावरून ऊन सरळ काचेवर आलं आणि गाडीने पाहुण्याला उडवला. अगदी थेट. गिऱ्हाईक नुकतंच उतरलं होतं म्हणून बोभाटा झाला नाही. दुसऱ्यांदा दोरी अडकून पाहुणा कमरेत वाकला, तर गाडीने त्याला माणूस म्हणून ओळखलंच नाही, बिनदिक्कत त्याच्या अंगावर गेली. वळणावरून आणलं तरी तेच, कधी ओळखायची, कधी नाही. काचेवर चिखल असला की डॅशबोर्डवर नुसती सूचना यायची, कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून.

"मग मॅनेजर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, गाडीबरोबरच्या पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. आणि संध्याकाळच्या फेऱ्या बंद केल्या."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? लोक घरी संध्याकाळीच जातात ना?"

त्याच सुमारास मी तिथूनच गाडी घेतली. का घेतली म्हणाल तर याच ब्रेकसाठी. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून डोकं उठलेलं असतं आणि येताना माझं लक्ष कुठे असेल सांगता येत नाही. उगाच नावं ठेवणार नाही, तो ब्रेक एकदा माझ्या कामी आलासुद्धा. पुढच्या रिक्षाने अचानक गाडी थांबवली आणि मी बाजूच्या दुकानातल्या चपला बघत होते. गाडीने मला वाचवलं आणि रिक्षालाही. मी घरी येऊन ते इतकं रंगवून सांगितलं की बाबांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी तेवढे उठून माझ्या गाडीची काच बघायला गेले.

मग त्यांचा पिच्छा सुरू झाला. काच पुसलीस का? कॅमेऱ्यासमोर काही चिकटवलं नाहीस ना? वळताना त्याच्या भरवशावर राहू नकोस. पावसात राहू नकोस. दवाखान्यात फोन. काउंटरसमोर पेशंट गाल धरून उभा आणि मी फोनवर "हो भावोजी, पुसली भावोजी." एकदा मी चिडलेच.

"तुम्हीच विकता आणि तुम्हीच घाबरवता! एक काय ते ठरवा ना."

"तेच तर ठरत नाहीये, धाकटे," ते म्हणाले. मला सगळ्या घरात धाकटीच म्हणतात. मी फोन ठेवून दिला. राग आला की मला पुढचं ऐकू येत नाही.

आता बाबांबद्दल. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ताई-भावोजी खाली, मी आणि बाबा वर, आणि चहा-जेवण ताईकडे. बाबांची पाठ मणक्यांच्या दुखण्याने कमरेतून वाकलेली. चालताना त्यांना फक्त जमीन दिसायची. लिफ्टने उतरून, चाकांचा वॉकर पुढे ढकलत आणि त्याच्या दांडीला कापडी पिशवी अडकवून ते रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जायचे, ब्रेड घ्यायचे आणि चपला शिवणाऱ्याशी भांडून परत यायचे. कशावरून भांडायचे ते दोघांनाही आठवत नसे, पण भांडण चुकवायचे नाहीत. घरात कुणी त्या फिरण्याबद्दल ब्र काढायचा नाही. तेवढा एकच रस्ता त्यांच्या मालकीचा उरला होता.

एकदा भावोजी पार्किंगमध्ये उकिडवे बसून बाबांना येताना बघत होते. बराच वेळ. मग उठून म्हणाले, "बाबा, संध्याकाळी मी येईपर्यंत थांबत जा. आपण दोघं जाऊ."

बाबांनी मान जेवढी वर होते तेवढी केली. "का? मी काय तुमच्या त्या पाहुण्यासारखा दोरीला बांधलाय?"

मला त्या वेळी हसू आलं होतं.

पुढे एका संध्याकाळी मला डोळे तपासायला जायचं होतं. डॉक्टर डोळ्यांत औषध घालतात आणि मग काही वेळ उजेड सहन होत नाही, म्हणून भावोजी माझीच गाडी घेऊन मला आणायला आले. परत येताना ऊन समोर. मला वर बघवेना, म्हणून मी मान खाली घालून बसले होते. त्यामुळे मला दिसला तो फक्त त्यांचा पाय.

गाडी आमच्या गल्लीत वळली. वेग काही फार नव्हता. भावोजींच्या तोंडून "अरे" एवढंच आलं. अर्धवट, श्वास आत घेतल्यासारखं. त्यांचा पाय उचलला गेला आणि मागे आला. सावकाश, शहाण्या मुलासारखा मागे आला आणि टाच सीटला टेकवून बसला. मी त्या पायाकडे बघत होते. गाडी चाललीच होती. मग पुढे लोखंडाचा आवाज झाला आणि तेव्हा कुठे पाय ब्रेकवर पडला.

बाबा रस्त्यात कुशीवर पडले होते. वॉकर वाकडा होऊन चाकाशी अडकला होता. ब्रेडची पिशवी तशीच दांडीला लटकत होती. चपला शिवणारा धावत आला आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन भावोजींना वाट्टेल ते बोलू लागला. भावोजी दार उघडून उभे होते. मी ओरडले तेव्हा ते हलले.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, पण आता यांचं चालणं धरून चालू नका.

शोरूमची माणसं आली, गाडीला कॉम्प्युटर जोडून बघितला आणि फार अदबीने बोलली. ऊन समोर होतं, गाडी वळत होती, माणूस वाकलेला आणि पुढे वॉकर, अशा वेळी यंत्रणा ओळखेलच असं नाही, पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. ताई म्हणाली, पुस्तक घाला चुलीत, मी तक्रार करणार. मीही तावातावाने तेच म्हणत होते. हॉस्पिटलच्या त्या खोलीत आम्ही दोघी बहिणी इतक्या मोठ्याने बोलत होतो की नर्स दोनदा डोकावून गेली.

भावोजी पलंगाच्या पायाशी उभे होते. ते म्हणाले, "बाबा, गाडीला तुम्ही दिसला नाहीत. मला दिसला होतात."

ताई त्यांच्याकडे वळली.

"दिसलात आणि माझा पाय मागे गेला. मी वाट बघत बसलो, ती कधी थांबते म्हणून. पूर्वीचा पाय असता तर तुम्ही आज ब्रेड घेऊन घरी असता."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला ते माहीत होतं आणि मी ते कुणाला बोलले नव्हते. आणि खरं सांगते, मला त्यांचा संताप आला. गाडीवर चिडणं किती सोपं होतं. त्यांनी तेही काढून घेतलं.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ताईला म्हणाले, "पाणी दे."

त्यानंतर बाबा भावोजींशी बोललेच नाहीत. घरी आणल्यावर भावोजी त्यांना उचलून खुर्चीत बसवायचे, अंग पुसायचे, औषध द्यायचे. बाबा हात पुढे करायचे, तोंड उघडायचे, पण शब्द नाही. ताईही कामापुरतं बोलायची. टेबलाशी आम्ही चौघं बसायचो आणि चमच्यांचा आवाज व्हायचा, बस्स. टेबल अगदी स्थिर होतं. मला त्या स्थिर टेबलाची शिसारी यायला लागली.

भावोजींनी गाडी चालवणं सोडलं. शोरूमला चालत जायचे आणि तिथे आवारात पडेल ते काम करायचे, गाड्या पुसायच्या, हवा भरायची. घरी खुर्चीवर एकटे असले की उजवा पाय पुढे दाबून बघायचे. दाबायचे, उचलायचे, परत दाबायचे. ठरवून दाबलेला पाय आणि आपोआप गेलेला पाय यांत फरक असतो. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

माझी गाडी दुरुस्त होऊन मिळणार होती, म्हणून एक दिवस मी दवाखाना सुटल्यावर शोरूमला गेले. तिथे एक तरुण जोडपं आलं होतं आणि त्यांच्याबरोबर मुलीची आई, हातात काठी घेतलेली. त्यांना तो ब्रेक बघायचाच होता. फेऱ्या मारणारा नवा माणूस नेमका त्या दिवशी आला नव्हता आणि हातचं गिऱ्हाईक कोण सोडतो? मॅनेजरांनी संध्याकाळचा नियम गुंडाळून ठेवला.

"मास्तर, एकच फेरी. तुमच्याशिवाय आहे कोण?"

भावोजींनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "मारतो. पण पाहुणा मी उभा करणार."

मॅनेजर फोन घ्यायला आत गेले. भावोजी माझ्या गाडीकडे आले, डिकी उघडली आणि बाबांचा वाकडा झालेला वॉकर बाहेर काढला. त्या दिवसापासून तो तिथेच पडून होता, टाकून द्यायचा धीर कुणालाच झाला नव्हता. मग आपल्या खणातून तो जुना पट्टा आणला, पाहुण्याला कमरेतून वाकवला आणि त्याचे हात पट्ट्याने वॉकरला बांधले. मागून बघितलं तर हुबेहूब बाबा. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, कशाला?" मी म्हटलं.

"मला बघायचंय," ते म्हणाले.

"गाडीचं तर माहितीच आहे."

"गाडीचं नाही गं."

ते गाडीत बसले. शेजारी तरुण, मागे मायलेकी. रोजच्या सरळ रस्त्याने न येता त्यांनी गाडी गोदामाच्या बाजूने फिरवली, म्हणजे ऊन समोर आलं आणि भिंतीशी वळण घ्यावं लागलं. वॉचमनने दोरी ओढली. वाकलेला पाहुणा वॉकर ढकलत निघाला. गाडी वळली आणि मला काचेवर नुसता उजेड दिसला, आतलं कुणीच दिसेना. वेग कमी होईना. मी मुठी आवळून मनातल्या मनात त्या पायाला शिव्या घालत होते. जा ना मेल्या, जा ना पुढे!

टायर करकचून वाजले. गाडी थांबली. वॉकर आणि बंपर यांच्या मध्ये हातभर जागा होती.

तरुण हसत उतरला. "वा! गाडीने लावला ना ब्रेक?"

"नाही, मी लावला," भावोजी म्हणाले. ते दाराला धरून उभे होते.

तरुणाचा चेहरा पडला. "अहो, मग तुम्ही कशाला दाबलात? जरा थांबून बघायचं ना. कदाचित लागलाही असता."

"एकदा थांबून बघितलंय," भावोजी म्हणाले. "समोर आमचे सासरे होते."

मग मागच्या सीटवरच्या काठीवाल्या बाईंनी विचारलं, "आता कसे आहेत?"

"घरी आहेत. चालता येत नाही."

मॅनेजरांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या जोडप्याने गाडी घेतली म्हणे. घेऊ देत, गाडी काही वाईट नाही, मीही रोज तीच चालवते, फक्त पाय ब्रेकजवळ ठेवून. त्या दिवशी आम्ही दोघं गाडीने घरी आलो. चालवत भावोजी होते.

चहाच्या वेळी मी न राहवून सगळं सांगितलं. पाहुण्याला वाकवला ते, वॉकर, ऊन, वळण. ताई चहा गाळता गाळता थांबली होती. बाबा खुर्चीत बसून कपात बघत होते. मी म्हटलं, "आणि वॉचमनने दोरी ओढली आणि पाहुणा एकदम पुढे—"

धप्प. टेबल हललं. भावोजींचा चहा बशीत आला, माझा मांडीवर.

कुणी हललं नाही. ताईच्या हातात फडकं होतं, पण तिने पुसलं नाही. बाबांनी आपला कप वर धरला होता. कधी उचलला ते मला कळलंच नाही. त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि कितीतरी दिवसांनी भावोजींकडे बघून विचारलं, "लागला का?"

भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ताईच म्हणाली, "लागला, बाबा."